गृहस्थाच्या सहा दिशा

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चालकांनी यंदाच्या संमेलनात ‘बुद्धाची शिकवण आणि आजचे जीवन’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली. विषय थोर, वेळ थोडा आणि बोलणारे तर अगदीच सामान्य. चार आर्यसत्ये, आर्य अष्टांगिक मार्ग, प्रतीत्यसमुत्पाद, निर्वाण यांपैकी एकेका शब्दावर पंडितांनी ग्रंथच्या ग्रंथ रचले आहेत. त्या खोल पाण्यात उतरण्याचा आमचा अधिकार नाही. आणि समोर बसलेली मंडळीही भिक्षू नसून संसारी आहेत. घरात थकलेले आईवडील, शिकणारी मुले, डोक्यावर घरकर्जाचा हप्ता, कचेरीत वरिष्ठांचा ताण आणि दारात मंगलकार्य, अशा माणसास बुद्धाने काही सांगितले आहे काय? आणि सांगितले असल्यास ते आज आपल्या उपयोगी पडण्याजोगे आहे काय? एवढाच प्रश्न आम्ही आज विचारासाठी घेतला आहे.

बुद्धाचा धर्म म्हणजे घरदार टाकून, मुंडन करून, भिक्षापात्र हाती घेणे, अशी आपल्याकडे पुष्कळांची समजूत असते. ती सर्वस्वी खोटी नाही, पण अर्धीच खरी आहे. भगवान बुद्धांनी गृहत्याग केला आणि भिक्षुसंघ स्थापला हे खरे. परंतु पुढील पंचेचाळीस वर्षे ते गावोगाव फिरले, तेव्हा त्यांच्याशी बोलावयास आले ते राजे, सावकार, शेतकरी, कारागीर आणि घरोघरच्या गृहिणी. त्या सर्वांना त्यांनी संन्यास घ्यावयास सांगितले नाही. तुम्ही आहात तेथेच नीट कसे राहावे, हे सांगितले. पालि वाङ्मयातील दीघनिकाय नावाच्या संग्रहात एकतिसावे सुत्त ‘सिगालोवाद’ या नावाचे आहे. जुन्या टीकाकारांनी त्याला ‘गिहिविनय’, म्हणजे गृहस्थांची आचारसंहिता, असे म्हटले आहे. भिक्षूंना जसा विनय, तसा संसारी माणसाला हा.

हे सारे वाङ्मय मराठी वाचकांच्या घरी आणून पोचविण्याचे श्रेय ज्यांना द्यावयाचे, त्यांत धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. गोव्यातील साखवाळ या खेड्यातील हा पुरुष केवळ बुद्धाच्या शिकवणीचा शोध घेण्यासाठी घराबाहेर पडला. काशी, नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश असा कष्टाचा प्रवास करून पालि भाषा शिकला आणि परत येऊन ते ज्ञान त्याने आपल्या भाषेत ओतले. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह धम्माचा स्वीकार केला आणि बुद्धाचे नाव महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पुन्हा जिवंत झाले. तरीही आपल्यांतील काही मंडळींना बुद्धाचे नाव काढताच तो ‘त्यांचा’ विषय वाटतो, ‘आपला’ वाटत नाही. या भावनेविषयी आम्हांस पुढे थोडे बोलावयाचे आहे. आधी सिगालाची कथा ऐकावी.

राजगृहात सिगाल नावाचा एक गृहस्थाचा मुलगा होता. तो रोज पहाटे उठून नगराबाहेर जाई, स्नान करी आणि ओल्या वस्त्रांनी, ओल्या केसांनी हात जोडून सहा दिशांना नमस्कार करी. पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर, खाली आणि वर. बुद्ध त्या वेळी वेळुवनात राहत होते. भिक्षेसाठी नगरात जाताना त्यांनी त्याला पाहिले आणि हे काय चालले आहे, असे विचारले. मुलाने सांगितले की, वडिलांनी मरतेसमयी मला असे करावयास सांगितले. वडिलांच्या शब्दाचा मान राखावा म्हणून मी हे करतो.

येथे क्षणभर थांबावे. बुद्धाच्या जागी एखादा उतावळा सुधारक असता, तर त्याने त्या मुलाच्या भोळेपणाची थट्टा केली असती. एखादा कर्मठ असता, तर मंत्रात चूक कोठे होते ते दाखविले असते. बुद्धाने दोन्ही केले नाही. दिशांना नमस्कार करूच नकोस, असे ते म्हणाले नाहीत. श्रेष्ठ लोकांच्या आचारात सहा दिशांना अशा रीतीने नमस्कार करीत नाहीत, एवढेच म्हणाले. मग तो कसा करावयाचा, असे मुलाने विचारल्यावर त्यांनी जे सांगितले तेच हे सुत्त होय. वडिलांचा शब्द त्यांनी मोडू दिला नाही, पण त्या शब्दात अर्थ भरून दिला. जुन्याचा मान राखून त्यातील मर्म जागे करण्याची ही हातोटी आपल्यासारख्या परंपराप्रिय मंडळींनी विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे.

दिशांकडे वळण्यापूर्वी बुद्ध त्या मुलाला पुसतात ते जणू घराचे अंगण. जीवहिंसा, चोरी, व्यभिचार आणि असत्य या चार गोष्टींनी कर्म मलिन होते, म्हणून त्या टाळाव्यात. माणूस पापाकडे वळतो तो चार कारणांनी: लोभाने, द्वेषाने, मोहाने आणि भयाने. यांतील चौथे कारण आम्हांस फार मोलाचे वाटते. आपण मध्यमवर्गी माणसे लोभाने किंवा द्वेषाने फारशी बिघडत नाही. आपण बिघडतो ते भयाने. लोक काय म्हणतील, ज्ञातीत नाव काय राहील, मुलीच्या सासरचे काय म्हणतील, या भयाने आपण कितीतरी गोष्टी मनाविरुद्ध करीत असतो. भयाने केलेले वाकडे काम हेही वाकडेच, असे बुद्ध बजावतात.

यानंतर ते धननाशाची सहा द्वारे सांगतात: मद्यपान, अवेळी रस्त्यांवर भटकणे, खेळतमाशांचा नाद, जुगार, वाईट मित्र आणि आळस. प्रत्येकापासून होणारे सहा सहा तोटेही मोजून दाखवितात. आळशी माणसाचे वर्णन तर इतके यथार्थ आहे की, अडीच हजार वर्षांनंतरही ऐकताना हसू यावे. फार थंडी आहे, फार ऊन आहे, अजून उजाडले नाही, आता उशीर झाला, फार भूक लागली, फार जेवण झाले, या सबबींवर तो काम पुढे ढकलीत असतो. जुगारी माणसाचे तोटे सांगताना बुद्ध म्हणतात की, जिंकला तर वैर वाढते, हरला तर गेलेल्या धनाचा शोक होतो, पैसा तर जातोच. सभेत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही, मित्र त्याला तुच्छ मानतात आणि त्याला कोणी मुलगी देत नाही.

शेवटचा तोटा ऐकून आपल्या वधूवर-परिचय मेळाव्याची आठवण व्हावी. आपल्या परिचयपत्रिकेत उंची असते, वेतन असते, गोत्र असते, स्वतःची सदनिका आहे की भाड्याची, हेही असते. परंतु हा तरुण रात्री भ्रमणध्वनीवर पैसे लावून पत्ते खेळतो काय, सामन्यांवर पैज लावतो काय, याचा रकाना कोणत्याही पत्रिकेत नसतो. पूर्वी जुगाराचा अड्डा गावाच्या कडेला असे. तेथे जाणारा चारचौघांच्या दृष्टीस पडे. आज तो अड्डा उशाशी येऊन बसला आहे आणि आईवडिलांनाही त्याचा पत्ता लागत नाही. बुद्धाने वेतन विचारले नसते, हा प्रश्न मात्र अवश्य विचारला असता.

धनाविषयी बुद्धाचे मत तर पुष्कळांस आश्चर्याचे वाटेल. गृहस्थाने दरिद्री असावे, असे ते कोठेही म्हणत नाहीत. मधमाशी जसा थोडा थोडा मध गोळा करते, वारूळ जसे कणाकणाने वाढते, तसे धन मिळवावे. आणि मिळालेल्या धनाचे चार भाग करावे. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग उद्योगधंद्यासाठी आणि चौथा भाग अडीअडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवावा. निम्मे धन उद्योगात घालावे, असा हा हिशेब आहे. नोकरदाराने यातील ‘उद्योग’ याचा अर्थ मुलांचे शिक्षण आणि स्वतःचे कौशल्य वाढविणे असा घेण्यास हरकत नाही.

याच विषयावर कोलिय कुळातील दीघजाणू नावाच्या गृहस्थाला केलेला उपदेश अंगुत्तरनिकायात आहे. तराजू धरणारा जसा कोणते पारडे किती खाली गेले हे पाहतो, तसे गृहस्थाने आपले उत्पन्न आणि खर्च पाहावे, असे तेथे म्हटले आहे. उत्पन्न थोडे असता ऐटीत राहणाऱ्याला लोक उंबरे खाणाऱ्याची उपमा देतात. मूठभर उंबरांसाठी सारे झाड हलवावे, चार फळे खावीत आणि शेकडो मातीत जावीत, असा त्याचा प्रकार. उलट, उत्पन्न भरपूर असूनही जो उपाशी राहतो, तोही बुद्धाच्या दृष्टीने शहाणा नव्हे. आपल्याकडची लग्नकार्ये या तराजूवर तोलून पाहावीत. दोन दिवसांच्या मांडवासाठी पाच वर्षांचे कर्ज काढणे, हे झाड हलविणे नव्हे तर काय? आणि खाली पडलेली फळे तरी कोणाच्या पोटात जातात?

आता सहा दिशा. पूर्व दिशा म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे पत्नी आणि मुले, उत्तर म्हणजे मित्र आणि सहकारी, खालची दिशा म्हणजे नोकर आणि कामकरी, वरची दिशा म्हणजे साधुसंत आणि ब्राह्मण. या प्रत्येक दिशेची सेवा गृहस्थाने पाच प्रकारे करावी. आणि त्या दिशेनेही त्याची परतफेड पाच प्रकारे करावी. फक्त वरच्या दिशेची परतफेड सहा प्रकारची आहे. म्हणजे एकूण एकसष्ट कर्तव्ये झाली. या एकसष्टांत ‘हक्क’ असा शब्द कोठे नाही. पण एकाचे कर्तव्य हाच दुसऱ्याचा हक्क असल्यामुळे कोणाचा हक्क बुडतही नाही. आणखी एक विशेष असा की, प्रत्येक दिशेत आधी सांगितली आहेत ती ऐकणाऱ्या सिगालाची कर्तव्ये. मुलगा म्हणून, शिष्य म्हणून, पती म्हणून, मित्र म्हणून, धनी म्हणून पहिले पाऊल त्याने उचलावयाचे. समोरचा काय करतो ते पाहून मग मी ठरवीन, असे म्हणण्यास येथे जागा नाही.

सहाही दिशांचा विस्तार करीत नाही. आपल्या घरांना अधिक झोंबणाऱ्या तीन दिशांवरच बोलतो.

पूर्व दिशेला आईवडील. त्यांनी मला पोसले, मी त्यांना पोसीन. त्यांची कामे करीन, कुळाची रीत राखीन, वारशास पात्र होईन, आणि त्यांच्या पश्चात त्यांच्या नावाने दानधर्म करीन, असे मुलाने म्हणावयाचे. आईवडिलांनी मुलाला वाईटापासून आवरावे, चांगल्याकडे वळवावे, विद्या द्यावी, योग्य जोडीदार पाहून द्यावा आणि योग्य वेळी वारसा स्वाधीन करावा. मुलाने वारशास ‘पात्र’ व्हावयाचे आणि आईवडिलांनी तो ‘योग्य वेळी’ द्यावयाचा, या दोन शब्दांत किती घरांतील कलह मिटतील, याचा विचार करावा. वृद्ध आईवडिलांच्या पोषणासाठी आपल्या देशाला २००७ साली कायदा करावा लागला, ही गोष्ट भूषणाची नव्हे. तसेच २००५ सालच्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा मिळाला; तरी अनेक घरांत आजही बहिणीकडून ‘हक्कसोडपत्र’ लिहून घेणे हा जणू एक संस्कारच झाला आहे. ओवाळणीच्या ताटात साडी घालावयाची आणि वाट्याच्या कागदावर सही घ्यावयाची, याला पूर्व दिशेचा नमस्कार म्हणता येणार नाही.

पश्चिम दिशेला पत्नी. पतीने तिचा सन्मान करावा, अपमान करू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावे, घरातील सत्ता तिच्या स्वाधीन करावी आणि तिला अलंकार द्यावेत. पत्नीने घरकाम नीट आखावे, आप्तस्वकीयांचे आतिथ्य करावे, एकनिष्ठ राहावे, मिळवलेले राखावे आणि सर्व कामांत दक्ष असावे. आजच्या भगिनी स्वतः मिळवतात. तेव्हा मिळविणारा एक आणि राखणारी दुसरी, ही वाटणी जशीच्या तशी चालणार नाही, हे उघड आहे. परंतु ज्या काळात स्त्रीला स्वतःचे असे फारसे काही नव्हते, त्या काळात ‘घरातील सत्ता तिच्या हाती द्यावी’ हे पतीचे कर्तव्य म्हणून सांगणे ही लहान गोष्ट नव्हे. आज आपल्यांतील किती घरांत घराच्या कागदावर तिचे नाव आहे? किती घरांत तिचे वेतन तिच्या इच्छेने खर्च होते? विम्याची, ठेवींची, कर्जाची माहिती किती जणींना आहे? पती अकस्मात गेल्यावर कागदांची पिशवी घेऊन कचेरीच्या पायऱ्या झिजविणारी स्त्री आपण सर्वांनीच कोठे ना कोठे पाहिली आहे. अलंकार आपण हौसेने देतो; सत्ता देण्याची पाळी आली की पश्चिम दिशा दिसेनाशी होते.

तिसरी दिशा खालची. तिच्याविषयी बोलताना आमचा आवाज थोडा चढला, तर क्षमा करावी. नोकरांना त्यांच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात त्यांची काळजी घ्यावी, काही विशेष गोडधोड केले तर त्यांना वाटा द्यावा आणि वेळेवर त्यांना सुटी द्यावी. ही पाच कर्तव्ये अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितली गेली. आपल्या घरी धुणेभांडी करावयास येणाऱ्या बाईंचा विचार करा. त्या आजारी पडल्या तर खाडे मांडले जातात. सणाच्या दिवशी त्यांना दुप्पट काम असते. गोडधोड त्यांच्या वाट्याला येते ते बहुधा दुसऱ्या दिवशी, आपल्याला नकोसे झाल्यावर. आणि काही स्वयंपाकघरांत अजूनही एक कानतुटका कप वेगळा ठेवलेला असतो, तो त्यांच्या चहासाठी. हा कप कोणी विकत आणीत नाही, कोणी त्याच्याविषयी बोलत नाही, पण घरातील लहान मुलाला तो कोणाचा हे बरोबर ठाऊक असते. समतेवर दहा भाषणे ऐकून मूल जे शिकणार नाही, ते त्या एका कपाकडून शिकते. बुद्धाने नोकराला दिशेचा मान दिला. ज्या दिशेला हात जोडावयाचे, तिच्यासाठी कप वेगळा कसा ठेवता येईल?

येथून आम्ही त्या अवघड प्रश्नाकडे वळतो, जो आरंभी बाजूला ठेवला होता. आपली ही सभा ज्ञातीची आहे. येथील सभासदत्व जन्माने मिळते. आणि बुद्धाने तर जन्मावरून माणसाची प्रत ठरविण्याचा स्पष्ट निषेध केला. मग या व्यासपीठावरून त्याचे नाव घेणे म्हणजे विसंगती नव्हे काय? हा प्रश्न कोणी विचारला नाही तरी तो आपल्या मनात आहे, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन तरुण ब्राह्मणांमध्ये वाद झाला की, माणूस श्रेष्ठ ठरतो तो जन्माने की आचरणाने. ते निर्णयासाठी बुद्धाकडे आले. बुद्ध म्हणाले की, गवत, झाडे, कीटक, चतुष्पाद, सर्प, मासे, पक्षी यांत जातीजातींची निरनिराळी लक्षणे दिसतात. माणसांमध्ये मात्र डोळे, कान, हात, पाय, रंग यांपैकी कशातही तशी जात दाखविणारी खूण नाही. जो शेती करतो तो शेतकरी, जो व्यापार करतो तो व्यापारी. नाव पडते ते कामावरून. आणि हे केवळ बोलून ते थांबले नाहीत. शाक्य कुळातील अनुरुद्ध, आनंद आदी राजकुमार प्रव्रज्या घेण्यास निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबर उपाली नावाचा त्यांचा न्हावी होता. त्या कुमारांनीच विनंती केली की, आम्ही शाक्य फार अभिमानी आहोत. उपालीला आधी दीक्षा द्यावी, म्हणजे आम्हांला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा कुळाभिमान गळून पडेल. बुद्धाने तसेच केले. पुढे बुद्धाच्या निर्वाणानंतर राजगृहाच्या संगीतीत साऱ्या संघापुढे विनयाचे विवेचन करण्याचा मान याच उपालीला मिळाला.

परंतु आप्तस्वकीयांशी संबंध तोडा, असेही बुद्धाने सांगितले नाही. मंगलसुत्तात उत्तम मंगले कोणती, याची जी गणना आहे, तीत आईवडिलांची सेवा, बायकोमुलांचा सांभाळ यांच्या जोडीने नातलगांना मदत करणे हेही एक मंगल सांगितले आहे. तेथे पालि शब्द आहे ‘ञातक’. आपला ‘ज्ञाती’ हा शब्द त्याचाच सख्खा भाऊ. त्याचा मूळ अर्थ नातलग, ओळखीची माणसे. म्हणजे ज्ञातीत दोन गोष्टी एकत्र नांदतात: एक मदत आणि दुसरा अभिमान. मदतीला बुद्ध मंगल म्हणतात. अभिमान उपालीच्या पायांशी ठेवावयास सांगतात. आपल्या मंडळात या दोहोंचे प्रमाण काय, हा प्रश्न प्रत्येक सभासदाने स्वतःस विचारावा.

जन्माने किंवा धंद्याने एकत्र आलेली मंडळी साऱ्या समाजाच्या उपयोगी कशी पडू शकतात, याचा दाखला फार दूर शोधावा लागत नाही. आपल्या सह्याद्रीच्या लेण्यांतच तो कोरलेला आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल याचे नाव आहे, धेनुकाकट येथील यवनांची आणि एका सुताराचीही नावे आहेत. जुन्नरच्या लेण्यांत धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे आणि पाण्याचे टाके दिल्याची नोंद आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील लेख तर आपल्या कोषाध्यक्षांनी मुद्दाम वाचावा असा आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी क्षहरात नहपानाचा जावई उषवदात याने तेथील लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापणे गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवली. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस. त्यातून वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा. हिशेब चोख जुळतो. मूळ रक्कम परत घ्यावयाची नाही, केवळ व्याज वापरावयाचे. आणि हा सारा व्यवहार नगरसभेत सर्वांसमक्ष वाचून दाखविला व फलकावर नोंदवून ठेवला.

यात आपल्यासाठी तीन धडे आहेत. पहिला: राजाच्या जावयाने आपली ठेव विणकरांच्या हाती निर्धास्तपणे सोपविली, कारण त्यांच्या संस्थेची पत तशी होती. दुसरा: हिशेब गुप्त नव्हता. तिसरा सर्वांत महत्त्वाचा: ते दान ‘चातुर्दिश’ संघाला होते, म्हणजे चारी दिशांतून जो येईल त्याला. श्रेणीची दारे आपापल्या धंद्याची असतील; पण तिने सांभाळलेल्या पुण्याला कुंपण नव्हते.

हे ध्यानात घेऊन मंडळापुढे काही नम्र सूचना ठेवाव्यात, असे आम्हांस वाटते. आपला शिक्षणनिधी प्रामुख्याने आपल्या मुलांसाठी आहे, तो तसा असण्यास हरकत नाही. परंतु त्याचा काही भाग दरवर्षी कोणत्याही समाजातील गरजू विद्यार्थ्यास मिळावा आणि त्या विद्यार्थ्याचा सत्कार याच व्यासपीठावर, आपल्या मुलांच्या रांगेत व्हावा. आपल्या घरी काम करणाऱ्या भगिनींची मुले यात आली, तर दुधात साखर. दुसरी सूचना लग्नखर्चाची. ज्यांच्याजवळ आहे त्यांनी आधी हात आखडावा. श्रीमंताच्या मांडवाची उंची पाहूनच गरीब कर्ज काढतो. तिसरी सूचना नाजूक आहे. आपल्या मुलामुलींनी ज्ञातीबाहेर विवाह केले, तर त्या घरांना संमेलनाची निमंत्रणे जाईनाशी होतात, वार्षिक यादीतून नावे हळूच गळतात. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला आहे. आपण बहिष्कार घालतो असे कोणी म्हणणार नाही. पण निमंत्रण न पाठविण्याला कोणता कायदा लागू करणार? तो प्रश्न अंतःकरणाचा आहे. ज्या आईवडिलांनी मंडळासाठी आयुष्यभर झिजावे, त्यांना मुलीच्या निवडीमुळे मागच्या खुर्चीवर बसावे लागू नये. त्या मुलीला आणि जावयाला पुढच्या वर्षी अगत्याचे बोलावणे जावे, आणि ते अध्यक्षांच्या सहीने जावे.

ज्येष्ठ मंडळींस भीती वाटेल की, असे केले तर ज्ञाती उरणार कशी? सिगालाच्या वडिलांनाही कदाचित वाटले असते की, ओल्या वस्त्रांचा नमस्कार गेला तर आपला शब्द उरणार कसा? शब्द उरला, तो अर्थासह उरला. त्यामुळेच तर सिगालाच्या वडिलांची ती आज्ञा आजही आपण आठवतो. या सुत्ताच्या शेवटी बुद्ध माणसांना एकत्र धरून ठेवणाऱ्या चार गोष्टी सांगतात: दान, गोड शब्द, परहिताचे आचरण आणि सर्वांशी समभाव. धावत्या रथाच्या चाकाला जशी आसाची खीळ धरून ठेवते, तसे या चार गोष्टी जगाला धरून ठेवतात, अशी उपमा ते देतात. या चारांत जन्म नाही. ज्या संस्थेत हे चार आहेत ती टिकेल. ज्या संस्थेत नाहीत ती केवळ रक्ताच्या नात्यावर फार काळ टिकणार नाही, कारण नव्या पिढीला त्या नात्याची गरज उरलेली नाही, चांगुलपणाची मात्र आहे.

आपण घरी परतल्यावर फार मोठे व्रत घेण्याचे कारण नाही. उद्या सकाळी एक दिशा निवडावी. ज्याने पूर्व निवडली त्याने आईजवळ दहा मिनिटे बसावे. ज्याने पश्चिम निवडली त्याने घरातील कागदांची पेटी पत्नीपुढे उघडावी. ज्याने खालची निवडली त्याने तो कानतुटका कप बाहेर टाकावा आणि आपल्याच कपांतील एक भरून पुढे करावा. सहा दिवसांत सहा दिशा होतील. सातव्या दिवशी पुन्हा आरंभ करावा.